तक्त्यातली शेवटची ओळ

अमेरिकेत बहुतेक मेडिकल स्कूलचे अर्ज 'ॲमकॅस' नावाच्या केंद्रीय व्यवस्थेतून जातात. तुमच्या कॉलेजने दिलेले ग्रेड तिथे नव्याने मोजले जातात आणि त्यांच्या चारपैकी सरासरीचा एक लहानसा तक्ता तयार होतो. माझ्या तक्त्यात पहिल्या वर्षासमोर ३.४१, दुसऱ्यासमोर २.५८, तिसऱ्यासमोर ३.०२ आणि चौथ्यासमोर ३.५० असे आकडे होते. पदवीची एकूण सरासरी ३.१३ होती, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित एवढ्याच विषयांची २.९१. हे आकडे मला आजही पाढ्यांसारखे पाठ आहेत. तक्त्याच्या तळाशी 'ग्रॅज्युएट', म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाची, अशी आणखी एक ओळ असते. २०१९ साली मी पदवीधर झाले तेव्हा ती रिकामी होती. ती भरण्यासाठी मी एक वर्ष घालवले आणि साडेबासष्ट हजार डॉलरचे कर्ज काढले, त्याचा हा अनुभव.

आम्ही २०१० साली सांगलीहून न्यू जर्सीला आलो. काकांनी बाबांसाठी केलेल्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा नंबर बारा वर्षांनी लागला, तोवर माझी मराठी शाळेतली सातवी पूर्ण झाली होती. बाबा सांगलीत एका सहकारी बँकेत कारकून होते, इथे येऊन ते एका गोदामात रात्रपाळी करू लागले. माझ्या पदवीच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या मणक्यातली चकती सरकली आणि ते आठ महिने घरी बसले. मी एका डोनटच्या दुकानात पहाटे साडेचारची पाळी धरली, आठवड्याला पंचवीस तास. कॉलेजची क्रेडिट, म्हणजे सत्रातल्या विषयांचा भार मोजणारे एकक, मात्र मी कमी केली नाहीत, अठराच ठेवली. त्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी, भौतिकशास्त्रात सी आणि जेनेटिक्समध्ये डी आला.

ही हकिगत सांगताना ऐकणारा लगेच हळहळतो, म्हणून उरलेली अर्धी बाजूही सांगायला हवी. सत्राच्या मध्यापर्यंत विषय सोडण्याची मुभा असते. गुणपत्रकावर 'डब्ल्यू' लागतो, तो सरासरीत धरला जात नाही, आणि एखाद-दुसऱ्या डब्ल्यूकडे कोणी फारसे पाहतही नाही. मला हे माहीत होते. पण पोरीने अर्ध्यात सोडले असे कोणी म्हणू नये, या हट्टापायी मी जेनेटिक्स सोडले नाही. शिवाय तोवर माझा अभ्यास म्हणजे निव्वळ पाठांतर होते. सातवीपर्यंत त्याने चांगले भागले, हायस्कूलमध्येही भागले आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एकाएकी भागेनासे झाले. प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला जाऊन 'मला कळत नाही' असे म्हणण्याची लाज वाटत असे. त्यामुळे डोनटच्या दुकानावर सगळा दोष टाकता येत नाही.

त्याच सुमारास माझी मावसबहीण लातूरला नीटच्या रिपीटर बॅचमध्ये होती. तिचा पहिला प्रयत्न हुकला, दुसऱ्यात गुण वाढले आणि तिला सरकारी कॉलेज मिळाले. पहिल्या वेळी किती गुण होते, हे तिला पुन्हा कोणी विचारले नाही. बारावीच्या पीसीबीची टक्केवारीही पात्रतेपुरतीच पाहिली गेली. त्यामुळे मावशीला फोनवर माझी अडचण समजावता समजावता आई थकून जाई. "अगं, मग देऊ दे की तिला परत परीक्षा," असे मावशी म्हणे. इथे परीक्षा परत देता येते, विषयही परत घेता येतो, पण जुना ग्रेड जागेवरच राहतो. जेनेटिक्स मी पुन्हा घेऊन बी मिळवला, तेव्हा ॲमकॅसने डी आणि बी दोन्ही मोजले. इथे डॉक्टर होण्याचा दुसरा मार्ग असलेल्या ऑस्टिओपॅथिक म्हणजे डी.ओ. कॉलेजांच्या अर्जव्यवस्थेत पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे, पण २०१७ मध्ये ती सवलतही गेली.

एमडी, म्हणजे इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी, देणाऱ्या कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७ च्या वर असते आणि 'एमकॅट' या प्रवेशपरीक्षेतले त्यांचे गुण ५११-५१२ च्या आसपास असतात. एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर दिले जातात. २०१९ च्या उन्हाळ्यात मी ती पहिल्यांदा दिली आणि ५०२ मिळवले, म्हणजे धड बुडालेही नाही आणि तरलेही नाही. मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांना सल्ला देणाऱ्या आमच्या कॉलेजच्या प्री-हेल्थ कार्यालयात गेले तर तिथल्या बाईंनी पडद्याकडे पाहतच सांगितले की ३.२ च्या खाली सरासरी असलेल्यांना कॉलेजच्या समितीचे शिफारसपत्र दिले जात नाही. मग त्या म्हणाल्या, "दुसरे एखादे क्षेत्र पाहिले आहेस का?" त्यांचा राग आला, पण बसने घरी येताना मी वहीत गणित मांडले आणि त्या तसे का म्हणाल्या ते कळले. माझी १२८ क्रेडिट झाली होती. आणखी एक पूर्ण वर्ष पदवीचे विषय घेऊन तीसच्या तीस क्रेडिटना ए मिळवला, तरी ३.१३ चे ३.२९ होत होते. छेदात १२८ बसले असताना अंशात कितीही ओतले तरी पातळी बोटभरच वर येते.

मास्टर्सचा विचार या गणितातून आला. ज्याला इथे स्पेशल मास्टर्स प्रोग्राम किंवा थोडक्यात एसएमपी म्हणतात, तो साधारण एका वर्षाचा अभ्यासक्रम मेडिकल स्कूलमध्येच चालतो आणि त्यात मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय शिकवले जातात. जॉर्जटाउनचा असा अभ्यासक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे. बोस्टन, सिनसिनाटी, टफ्ट्स आणि आमच्या न्यू जर्सीत रटगर्स अशा अनेक ठिकाणी या धर्तीचे अभ्यासक्रम आहेत. त्यातले ग्रेड पदवीच्या सरासरीत मिसळत नाहीत, ते शेवटच्या ओळीत वेगळे दिसतात. हाच त्याचा फायदा आणि हाच तोटा. ३.१३ तसूभरही हलत नाही, पण त्याच्या खाली दुसरा आकडा उभा राहतो आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र पाहावे लागतात. तो दुसरा आकडा चांगला असेल तर 'ही मुलगी मेडिकलचा अभ्यास झेपवू शकते' असे म्हणायला आधार मिळतो. तो वाईट निघाला, तर दुसऱ्या वर्षाचे २.५८ हे अपघाताने आले असे म्हणण्याची सोयही उरत नाही.

मी लगेच उडी घेतली नाही, याचे आज समाधान वाटते. आधी दोन वर्षे एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात स्क्राइबचे काम केले. डॉक्टर रुग्णाशी बोलत असताना त्यांच्या मागे उभे राहून सगळी नोंद संगणकावर टिपायची, एवढेच ते काम. स्क्राइबने रुग्णाशी बोलायचे नाही आणि दुभाषाचे काम तर मुळीच करायचे नाही, असा कडक नियम होता. एका रात्री साठी-पासष्टीच्या एक बाई आल्या. नोंदणीच्या वेळी कोणीतरी त्यांची भाषा हिंदी अशी लिहिली होती, म्हणून फोनवर हिंदीचा दुभाषी जोडला होता. बाई छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "जीव घाबरा होतोय हो." दुभाष्याने ते इंग्रजीत 'त्यांना भीती वाटते आहे' असे सांगितले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला आणि मी थिजल्यासारखी टंकत राहिले. मग मी हळूच सांगितले की या मराठी बोलत आहेत, मराठीचा दुभाषी मागवायला हवा. दहा मिनिटांनी तो मिळाला आणि 'भीती' या शब्दाच्या जागी छातीत धडधड, दरदरून घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी असे सगळे नोंदीत आले. तोवर नर्सने ईसीजी काढलाच होता, त्यामुळे मी कोणाचा जीव वगैरे वाचवला नाही. पण डॉक्टर व्हायचे आहे असे मी जे सवयीने म्हणत असे, त्याला त्या रात्री काहीतरी अर्थ आला.

त्या दोन वर्षांत मी एमकॅट दुसऱ्यांदा दिली, जानेवारी २०२१ मध्ये, आणि ५१३ गुण मिळवले. एसएमपीचा विचार करणाऱ्या कोणालाही मी पहिली गोष्ट हीच सांगते की एमकॅट आधी उरकून घ्या. साडेसात तास बसवणारी ती परीक्षा आणि मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय एकाच वेळी अंगावर घेणे म्हणजे दोन्ही बुडवण्याची तजवीज. आमच्या वर्गात सात-आठ जणांनी वसंत सत्रात एमकॅटची तयारी चालवली होती. त्यांतल्या दोघांचेच दोन्हीकडचे आकडे चांगले आले.

अभ्यासक्रम निवडताना मी प्रत्येक ठिकाणी फोन करून तेच प्रश्न विचारत असे. आम्ही मेडिकलच्या विद्यार्थ्यांबरोबर त्याच वर्गात बसणार का? प्रश्नपत्रिका तीच असते का? आमचे ग्रेड त्यांच्या सरासरीशी ताडून दिले जातात का? अमुक ग्रेड मिळाले तर तुमच्या मेडिकल स्कूलची मुलाखत नक्की, असे काही लेखी आहे का? आणि शेवटचा, सगळ्यांना नकोसा वाटणारा प्रश्न: वर्ष सुरू करणाऱ्यांपैकी किती जणांना प्रवेश मिळतो? बहुतेक माहितीपत्रकांत ऐंशी-नव्वद टक्क्यांचे आकडे असत. खोदून विचारल्यावर कळे की ते 'आम्ही शिफारस केलेल्या आणि अर्ज केलेल्या' विद्यार्थ्यांचे आहेत. मधल्या मध्ये गळालेले त्यात धरलेलेच नसत. एका ठिकाणच्या गृहस्थांनी हा फरक आपणहून समजावून दिला आणि पहिल्या सत्रानंतर दरवर्षी काही जण सोडून जातात हेही सांगितले. मी तिथेच जायचे ठरवले. वर्ग मेडिकलच्या विद्यार्थ्यांबरोबर होते, प्रश्नपत्रिका तीच होती, आणि मुलाखतीचे आश्वासन ३.६ च्या वर ग्रेड असणाऱ्यांना होते.

आता पैशांचे. फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च मिळून साडेबासष्ट हजार डॉलर लागणार होते. सरकारी डायरेक्ट कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरच मिळते. उरलेले ४२,००० मी ग्रॅड प्लस नावाच्या सरकारी कर्जातून उचलले. त्यातून चार टक्क्यांहून थोडी अधिक रक्कम आधीच कापून घेतात, म्हणजे सुमारे १,७७५ डॉलर माझ्या हातात आलेच नाहीत आणि फेडायचे मात्र आहेत. बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या वेळच्या भावाने रुपये केले आणि बराच वेळ ते कागदाकडे पाहत बसले. "सेहेचाळीस लाख," ते म्हणाले, "आणि एवढे करून डॉक्टर होणार नाहीसच. डॉक्टर होण्यासाठी अर्ज करायला पात्र होशील." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मी म्हटले, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार." ते नको म्हणाले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. कोविडमुळे त्या काळात सरकारी कर्जांवरचे व्याज शून्य केलेले होते आणि ते १ सप्टेंबर २०२३ पर्यंत तसेच राहिले, हे माझे नशीब. आताच्या मुलांना ती वाट नाही. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस मिळणार नाही आणि मास्टर्ससाठी वर्षाला २०,५०० ही सरकारी कर्जाची कमाल मर्यादा राहणार आहे. वरची रक्कम घरातून उभी करा, नाहीतर खासगी कर्ज काढा आणि त्यासाठी कोणाला तरी जामीन राहायला सांगा. हा बदल लक्षात घेतल्याशिवाय माझ्या अनुभवावरून कोणी निर्णय घेऊ नये.

ऑगस्ट २०२१ मध्ये वर्ष सुरू झाले. सभागृहात मेडिकलचे विद्यार्थी आणि आम्ही एकत्र बसत असू. वेगळे कोणी बसवत नव्हते, तरी पहिल्या आठवड्यातच कोण कोणत्या गटातले ते सगळ्यांना कळले, कारण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता आणि आमच्या चेहऱ्यावर नव्हता. बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत मला ६८ मिळाले, मेडिकलच्या मुलांची सरासरी ८२ होती. त्यांची सरासरी म्हणजे साधारण बी, असा हिशोब होता. त्या रात्री मी सांगलीच्या शाळेत शिकलेली पद्धत, म्हणजे सगळे सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढण्याची सवय, कायमची सोडली. लिहून काढताना अभ्यास केल्याचे समाधान मिळते, अभ्यास होतोच असे नाही. त्याऐवजी व्याख्यान संपल्यावर त्याच दिवशी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे मांडायचे, जे आठवले नाही त्याचेच प्रश्न करून संगणकात भरायचे आणि ते ठरावीक अंतराने स्वतःला विचारायचे, असा क्रम लावला. पहिले तीन आठवडे कागद जवळपास कोरे राहत आणि फार अपमान वाटे. शिवाय दर मंगळवारी प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला जाऊन बसू लागले. 'मला कळत नाही' हे वाक्य मी त्या वर्षी जितक्या वेळा उच्चारले, तितके आधीच्या आयुष्यात मिळून उच्चारले नसेल.

फेब्रुवारीतल्या मूत्रपिंडाच्या परीक्षेतला एक प्रश्न मला अजून दिसतो. रुग्णाचा पीएच ७.१५, बायकार्बोनेट १२ आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ३६. काय झाले आहे? बायकार्बोनेट कमी, पीएच कमी, म्हणजे मेटाबॉलिक ॲसिडोसिस (चयापचयाच्या बिघाडाने रक्तातले आम्ल वाढणे), हे सगळ्यांनाच सुचते. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ च्या मधे आहे, म्हणजे तिथे बिघाड नाही, असे वाटून हात पुढच्या प्रश्नाकडे जातो. माझाही गेला होता. मग आठवले की अशा रुग्णात तो दाब किती असायला हवा, हे मोजायचे असते. बायकार्बोनेटची दीडपट करून त्यात आठ मिळवायचे: बाराची दीडपट अठरा, अधिक आठ, सव्वीस. फार तर दोन इकडे-तिकडे. या रुग्णाने जोरजोरात श्वास घेऊन दाब सव्वीसपर्यंत उतरवायला हवा होता. तो छत्तीसवर आहे याचा अर्थ त्याची फुप्फुसे थकत चालली आहेत. मेटाबॉलिक बिघाडाच्या जोडीला श्वसनाचाही बिघाड आहे, आणि कागदावर सर्वसाधारण दिसणारा एकच आकडा सगळ्यांत जास्त काळजीचा आहे. मी उत्तर खोडून नवे लिहिले. त्या परीक्षेत मला ९१ मिळाले, सरासरी ८३ होती. पण गुणांपेक्षा मला आनंद याचा झाला की ते मी पाठ केलेले नव्हते, परीक्षेच्या खुर्चीत बसून शोधले होते.

ऊतिशास्त्रात मात्र बी आला. सूक्ष्मदर्शकाखाली मला शेवटपर्यंत सगळे गुलाबी-जांभळेच दिसत राहिले. मे २०२२ मध्ये वर्ष संपले तेव्हा शेवटच्या ओळीतला आकडा ३.७४ होता.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा आकडा २.९ होता. ती माझ्याइतकाच अभ्यास करत असे, कदाचित जास्तच. आम्ही तिघीजणी रविवारी एकत्र बसत असू आणि न्यूरोॲनाटॉमीतल्या कित्येक गोष्टी तिनेच मला समजावल्या. परीक्षेत मात्र तिचे हात थंड पडत. पहिल्या सत्रात दोन सी आले तेव्हा संचालकांनी तिला बोलावून सांगितले की इथेच थांबलीस तर निम्मी फी वाचेल. ती थांबली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही थांबले नसते, आणि ते चुकलेच असते. आज ती एका औषध कंपनीत क्लिनिकल चाचण्यांचे काम पाहते, ते काम तिला आवडते आणि तिचा पगार काही वर्षे तरी माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त असणार आहे. पण तिच्या डोक्यावरचे कर्ज माझ्याइतकेच आहे. एसएमपीची महती सांगणाऱ्या मजकुरात असे कोणी सापडत नाही, म्हणून मी तिची परवानगी घेऊन तिच्याबद्दल इथे लिहिते आहे.

अर्ज कधी करायचा, यावरही वर्गात दोन पक्ष होते. काही जण एसएमपी सुरू होण्याआधीच्या जूनमध्ये अर्ज करून टाकतात आणि हिवाळ्यात पहिल्या सत्राचे ग्रेड कळवतात. त्यांचे वर्ष वाचते. पण ज्या महिन्यांत अर्ज वाचला जातो, त्या महिन्यांत शेवटची ओळ रिकामीच असते. जिच्यासाठी एवढा खर्च करायचा तीच वाचणाऱ्याला दिसणार नसेल तर घाई कशाला, असे मला वाटले. मी वर्ष पूर्ण करून जून २०२२ मध्ये अर्ज केला आणि मधल्या वर्षासाठी पुन्हा स्क्राइबच्या कामावर रुजू झाले. चोवीस एमडी आणि सहा डी.ओ. कॉलेजांना अर्ज केले. मुख्य अर्ज तपासून झाला की प्रत्येक कॉलेजचे वेगळे प्रश्न येतात, त्यांची वेगळी फी असते आणि दोन आठवड्यांत उत्तरे जावीत अशी अपेक्षा असते. त्या उन्हाळ्यात मी बारा तासांची पाळी संपवून गाडीतच बसून निबंध लिहीत असे.

मुख्य अर्जातल्या आत्मनिवेदनाला मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरांची मर्यादा असते. माझ्या पहिल्या मसुद्यातली निम्मी अक्षरे दुसऱ्या वर्षावर खर्च झाली होती: बाबांचा मणका, डोनटचे दुकान, पहाटेची बस. शिफारसपत्र देणाऱ्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो वाचला आणि म्हणाले, "हे सगळे दोन वाक्यांत बसते. उरलेल्या जागेत मला तुझ्याविषयी काहीतरी कळू दे." मी दोन वाक्ये ठेवली आणि 'जीव घाबरा होतोय' म्हणणाऱ्या बाईंची रात्र लिहिली. त्या तीन शब्दांना इंग्रजीत काय म्हणायचे, यावर माझे दोन दिवस गेले आणि शेवटी ते रोमन लिपीत तसेच ठेवून पुढे अर्थ लिहिला.

चार मुलाखती आल्या, त्या वर्षी चारही झूमवर. पहिली अर्थातच ज्या मेडिकल स्कूलमध्ये वर्षभर बसले तिथली. तिथे आपलेपणाने बोलणे झाले आणि मला प्रतीक्षायादीत टाकले गेले. ती यादी माझ्यापर्यंत कधीच सरकली नाही. आश्वासन मुलाखतीचे होते, जागेचे नव्हते, हे मी स्वतःच फोनवर विचारून घेतले होते, तरीही मनाला लागलेच. तिसरी मुलाखत पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजची. तिथल्या वयस्कर शल्यचिकित्सकांनी कॅमेऱ्यासमोर माझा तक्ता धरला आणि विचारले, "या दोन आकड्यांपैकी खरी तू कोणती?" या प्रश्नाची तयारी मी महिनाभर केली होती. आरशासमोर बोलून पाहिलेले उत्तर मात्र ऐन वेळी ओठांवर आले नाही. मी म्हणाले, "दोन्ही. पहिला आकडा आला तेव्हा मला मदत मागता येत नव्हती, दुसरा आला तोवर येऊ लागली होती." त्यांनी काहीतरी टिपून घेतले आणि पुढचा अर्धा तास आम्ही मराठीतून इंग्रजीत न जाणाऱ्या शब्दांविषयी बोललो. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कॉलेजचा फोन आला. मी पाळीवर होते आणि फोन उचलण्याची परवानगी नव्हती, म्हणून निरोप ध्वनिमुद्रितच ऐकला, औषधांच्या कपाटाशेजारी उभी राहून, दोनदा.

ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झाले. मास्टर्समध्ये शिकलेले पहिल्या वर्षी फार उपयोगी पडेल असे सगळे म्हणत. मूत्रपिंड, हृदय आणि बायोकेमिस्ट्री यांत ते पडलेच, पण शवविच्छेदन मला पूर्ण नवे होते आणि ऊतिशास्त्र पुन्हा गुलाबी-जांभळेच निघाले. नोव्हेंबर येईपर्यंत माझी आघाडी संपून मी वर्गाच्या मध्यावर येऊन बसले.

गेल्या महिन्यात एडिसनला आईकडे गेले असताना मंडळातल्या ओळखीच्या एक काकू त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीची सरासरी ३.५२, विज्ञानाच्या विषयांची ३.४८, एमकॅट ५०३. काकूंनी एसएमपीची माहितीपत्रके पिशवीत भरून आणली होती. मी मुलीची गुणपत्रके नीट पाहिली आणि म्हणाले, "काकू, हिच्या ग्रेडना काही झालेले नाही. हिने चार-सहा महिने नीट तयारी करून एमकॅट पुन्हा द्यावी. मास्टर्स नको." मुलीने मान खाली घातली. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तू केलंस ना पण?" मी त्यांच्यासमोर कागदावर दोघींचे आकडे शेजारी शेजारी मांडले, कर्जाचा बदललेला नियमही सांगितला. त्यांनी तो कागद पिशवीत माहितीपत्रकांवर ठेवला. चहा झाल्यावर निघताना मुलगी दारात थोडी मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "ताई, आईने पंधराशे डॉलर डिपॉझिट भरलंय कालच. ते परत मिळत नाही."